रिमोट दाराला टेकवला तरच चालतो, सेल नवा टाकूनही तेच. कोडिंग उडालंय की दुसरंच काही?

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची, पेट्रोल हॅचबॅक. किल्ली घडीची, रिमोट त्याच मुठीत, लॉक आणि अनलॉक अशी दोनच बटणं. रिमोट गाडीबरोबर आलेला आहे, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक नाही.

आधी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाहून गाडी उघडायची. आता किल्ली दाराला जवळजवळ टेकवावी तेव्हा कुठे दाद देते. त्यातल्या त्यात अनलॉक बरं, लॉकचं बटण मात्र अंगठ्याने चांगलं रेटावं लागतं. रिमोट तळहातावर आपटला की एखाद्या वेळी लांबूनही चालतो, मग परत ये रे माझ्या मागल्या. बटण दाबलं की लाल दिवा लागतो, पण मिणमिणता. राजपथावरून नवा सेल आणून टाकला, फरक शून्य. इंजिन मात्र एका फटक्यात सुरू होतं.

किल्लीवाल्याने हातात घेताक्षणी सांगितलं, कोडिंग उडालंय, नवी किल्ली करा. शेजाऱ्यांचं मत असं की अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरमुळे होतंय, कारण घर गडाच्या पायथ्यालाच आहे.

मल्टिमीटर घरी आहे, सोल्डरिंगचं सामान नाही. दुसरी किल्ली कपाटात आहे, तिचा रिमोट बरेच महिने वापरात नाही. नव्या किल्लीवर पैसे घालण्याआधी काय काय तपासू?

फ्लक्स_आणि_शिसं

कोडिंग उडालं असतं तर रिमोट दाराला चिकटवूनही चालला नसता. कोड एक तर पटतो, नाही तर पटत नाही. अर्धामुर्धा पटणं हा प्रकार नाही. जवळून चालतो याचा अर्थ गाडी त्याला ओळखते, फक्त त्याचा आवाज क्षीण झालाय. तेव्हा नव्या किल्लीचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

इंजिन सुरू होतं यावरून रिमोटबद्दल काहीच कळत नाही. किल्लीच्या मुठीत दोन वेगळी कामं चालतात. इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चिपला सेल लागतच नाही. इग्निशनभोवतीची कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झवर तिला वीज पुरवते आणि तिच्याकडून ओळख घेते. रिमोटचा भाग सेलवर चालतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो. एक मेला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. म्हणून सेल पूर्ण संपला तरी अशी किल्ली घालून फिरवायची गाडी सुरू होते.

टॉवरचं म्हणाल तर एफएम प्रक्षेपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतं, रिमोटपासून खूप लांब. आणि टॉवर आडवा आला असता तर तुमच्या गल्लीतल्या सगळ्याच गाड्या रुसल्या असत्या, आणि रिमोट आपटून काही फरक पडला नसता. आपटल्यावर चालतो या एका वाक्यात निम्मं निदान आहे: आत काहीतरी ढिलं आहे. तरी शंका उरली तर गाडी वाढे फाट्याकडे मोकळ्यावर न्या. तिथेही तेच झालं तर बाहेरच्या लहरींचा विषय संपला.

आता क्रमाने.

आधी दुसरी किल्ली. तिच्यात चांगला सेल टाकून त्याच जागेवरून, तेवढ्याच अंतरावरून दाबून बघा. ती लांबून चालली तर गाडी निर्दोष, दोष पहिल्या रिमोटमध्ये. दोन्ही सारख्याच अशक्त निघाल्या तर रिमोट उघडत बसू नका, गाडीच्या बाजूला वळा. ही एवढी फुकटची तपासणी सोडून लोक थेट दुकान गाठतात.

मग सेलवरचा आकडा वाचा. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. २०२५ ची जाडी २.५, २०१६ ची फक्त १.६. तिन्ही ३ व्होल्टचे, तिन्ही त्याच खाचेत पडतात, आणि दुकानात जो हाताशी असेल तो दिला जातो. रिमोटच्या आत प्लास्टिकवर किंवा बोर्डावर आकडा छापलेला असतो, तोच आणि तोच घ्या. पातळ सेल टाकला तर सेलला टेकणारी धातूची पत्री त्याला नुसती शिवते, दाबत नाही. शिवाय २०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास, २०२५ ची १६० च्या आसपास, २०१६ ची त्याहून कमी.

नुसता सेल मीटरवर धरला की नवा असेल तर ३.२ च्या आसपास दाखवेल. पण थकलेला सेलही मोकळा असताना २.९-३.० दाखवतो आणि बटण दाबताक्षणी बसतो. म्हणून खरं मोजमाप बोर्डावर, बटण दाबून. सेल जागेवर असू द्या, मीटर २० व्होल्ट डीसीवर, पिना सेलवर न टेकवता बोर्डावर जिथे सेलच्या पत्र्या सोल्डर केल्या आहेत त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. बटण दोन-तीन सेकंद दाबून ठेवा. २.७ च्या वर राहिलं तर पुरवठा ठीक. त्याखाली गेलं तर प्लास्टिकच्या काडीने सेल पत्रीवर दाबून धरा आणि पुन्हा बघा. आकडा वर उसळला तर सेल चांगला, संपर्क वाईट. तसाच खाली राहिला तर सेलच गेलेला.

रिमोट उघडताना कडेच्या फटीत एक छोटी खाच दिसेल. तिथे चपटा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, घाला आणि पिरगळा. ठोकू नका. सेलची अधिकची बाजू वर आहे की खाली याचा आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. घडीच्या किल्लीत पात्याची स्प्रिंग असते, ती बाजू उघडायची गरज नाही. उघडलीत तर स्प्रिंग उडते आणि ती परत पीळ देऊन बसवणं हे संयमाचं काम आहे.

मिरज_वायरमन

वरच्या दादांनी रिमोटचं सांगितलंच आहे. मी गाडीच्या बाजूचं लिहितो, कारण हा धागा शोधत येणाऱ्या निम्म्या लोकांच्या दोन्ही किल्ल्या चालत नसतात.

पहिलं, दाराच्या आतलं लॉकचं बटण दाबा. चारही दारं खटकन बसली तर मोटरी, वायरिंग आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा (कुलपं, दिवे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) बाहेर जाणारा भाग ठीक आहे. आतूनही बसत नसतील तर रिमोटचा संबंधच नाही, फ्यूज आणि ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीजवळचा रबरी बोगदा बघा. दार उघडून-मिटून तिथल्या वायरी आतल्या आत तुटतात आणि वरून रबर शाबूत दिसतं.

आतून बसतात पण एकही रिमोट चालत नाही, तर आधी किल्ली इग्निशनमध्ये राहिली नाही ना बघा. बऱ्याच गाड्या किल्ली आत असताना रिमोट मानत नाहीत. मग दार, डिक्की. एखादं दार उघडं असल्याचा दिवा डॅशबोर्डावरच्या मीटरमध्ये पेटत असेल तर गाडी लॉक घेत नाही, किंवा घेऊन लगेच सोडते. दाराचा स्विच गंजला की दार बंद असूनही गाडीला ते उघडंच वाटतं. त्यानंतर आतल्या दिव्याचा फ्यूज. काही गाड्यांत छताचा दिवा आणि रिमोट ऐकणारा भाग एकाच फ्यूजवर असतात. दिवाही लागत नाही आणि रिमोटही नाही, असं असेल तर तोच. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. १० च्या जागी २० घालून मोकळं व्हायचं, पुढे वायरिंग जळालं की माझ्याकडे यायचं, हे करू नका.

गाडीची मोठी बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ ते १२.७ दाखवायला हवी. १२ च्या खाली असेल तर आधी तिची सोय करा.

आणि अंतर कमी झालंय पण दोन्ही रिमोट चालतात, अशा वेळी गाडीत नवीन काय बसवलं ते आठवा. स्वस्तातला मोबाईल चार्जर, डॅशकॅमचा चार्जर, एलईडी बल्ब. यांच्या आतली सर्किटं इतका कचरा सिग्नल सोडतात की रिसीव्हरला रिमोट ऐकूच येत नाही. चार्जर सॉकेटमधून उपसून काढा, नुसती वायर काढून चालत नाही, आणि पुन्हा अंतर बघा. म्युझिक सिस्टीम बदलून घेतली असेल तर डॅशबोर्डामागे रिसीव्हरची अँटेना वायर निसटलेली किंवा धातूच्या पट्टीखाली चेपलेली सापडते.

गोडोलीकर

दोघांचेही आभार. तपासलं ते असं:

दुसऱ्या किल्लीत नवा २०३२ टाकला, पार्किंगच्या टोकाहून दोन्ही बटणं हलक्या हाताने चालतात. म्हणजे गाडी ठीक.

पहिला रिमोट उघडला. प्लास्टिकवर २०३२ छापलंय, आत दुकानातून आलेला सेल २०२५ निघाला. मोकळा सेल ३.१६ व्होल्ट. बोर्डावर पिना लावून अनलॉक दाबलं तर २.२, काडीने सेल दाबून धरला तर २.९५.

२०३२ टाकल्यावर अनलॉक लांबून चालायला लागलं, दिवाही नीट लागतो. लॉकचं दुखणं मात्र तसंच, रेटलं तरच. बटणाचं रबर बदलावं लागेल का? आणि ती आपटून-आपटून ढिली झालेली पत्री तशीच ठेवू का?

फ्लक्स_आणि_शिसं

तुमच्या आकड्यांवरून हिशोब सरळ आहे. असा रिमोट सिग्नल सोडताना साधारण १० मिलिअँपिअर खेचतो. ०.७५ व्होल्ट वाटेत गळत होता, म्हणजे नुसत्या संपर्कात ७५ ओहम बसले होते. चांगल्या संपर्कात एक ओहमही नसतो. २.२ व्होल्टवर चिप कशीबशी जागी राहते, पण प्रक्षेपणाची ताकद उरत नाही.

पत्री तशीच ठेवू नका. सेल काढून चिमट्याने तिचं टोक अर्धा मिलिमीटर वर उचला, एकदाच. तीच जागा परत परत वाकवली तर तुकडा हातात येतो. पत्री बोर्डाला जिथे जोडली आहे तिथे भिंगातून बघा. सोल्डरभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली तर तो डाग सुटलाय, पुन्हा तापवून घ्यावा लागेल. आपटल्यावर चालणाऱ्या रिमोटमध्ये हे नेहमी सापडतं.

आता लॉकचं बटण. यात तीन वेगळे दोष एकसारखेच दिसतात: रबराच्या आतलं टोक झिजलं, स्विच आतून झिजला, किंवा स्विचच्या पायाचं सोल्डर तडकलं. वेगळे करायची रीत अशी. बोर्ड मुठीतून बाहेर काढा, सेल जागेवर असू द्या आणि लॉकचा स्विच थेट नखाने हलका दाबा. हलक्या दाबाने टिक् आवाज होऊन दिवा लागला तर स्विच चांगला, दोष रबराचा. मग नवी मूठ किंवा नुसता रबरी पॅड पुरतो.

थेट दाबूनही रेटावंच लागत असेल तर सेल काढा, मीटर ओहमवर घ्या. चार पायांच्या स्विचमध्ये एका बाजूचे दोन पाय आतून जोडलेलेच असतात, म्हणून पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, तिरक्या टेकवा. दाबल्यावर एक-दोन ओहमच्या आत आलं पाहिजे आणि स्थिर राहिलं पाहिजे. न दाबता काय दिसतं त्याकडे दुर्लक्ष करा, बोर्डावरचे इतर भाग त्यात मिसळतात. आकडा किलोओहममध्ये नाचत असेल तर स्विच दाबून ठेवून लाकडी टूथपिकने त्याला बाजूने अलगद ढकला. ढकलल्यावर आकडा एकदम सुधारला तर पायाचं सोल्डर तडकलंय, स्विच बदलायची गरज नाही. काही फरक पडला नाही तर स्विच आतून गेला.

दोन्ही कामं मोबाईल दुरुस्तीवाला करतो, गाडीच्या दुकानात जायची गरज नाही. त्याला एवढं सांगा: सेल काढून काम, टोक बारीक, ३२० ते ३५० अंश, एका पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. कारखान्याचं सोल्डर बहुधा शिसंविरहित असतं, ते साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं. त्यात थोडं फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावतात ते) आणि साधं ६०/४० म्हणजे कथील-शिशाचं सोल्डर मिसळलं की पटकन वाहतं. गरम हवेने स्विच उचलायचा असेल तर शेजारची क्रिस्टलची डबी आणि काळी कॉइल उष्णतारोधक पट्टीने झाकायला लावा.

स्विच बदलायचाच झाला तर लांबी आणि रुंदीइतकीच उंची मोजा. हे स्विच दिसायला सारखे आणि उंचीत पाव-अर्धा मिलिमीटरने वेगळे असतात. बुटका बसवला तर रबर पोचत नाही. उंच बसवला तर कव्हर मिटल्यावर बटण कायमचं दाबलेलं राहतं. मग रिमोट अखंड बोलत राहतो आणि नवा सेल दोन-चार दिवसांत रिकामा होतो. स्विच दोन-पाच रुपयांचा. साताऱ्यात नेमक्या मापाचा मिळाला नाही तर पुण्यात तपकीर गल्लीत जुना दाखवून घेता येतो, किंवा मोबाईलवाल्याकडच्या भंगार बोर्डावरून निघतो.

सज्जनगड_रोड

मधेच एक भर. नवी मूठ घ्यायची वेळ आली तर जुन्या मुठीतून बोर्ड आणि पातं काढून नव्यात घालतात आणि इमोबिलायझरची चिप जुन्या प्लास्टिकबरोबर कचऱ्यात जाते. काही किल्ल्यांत ती बोर्डावरच असते, काहींत वेगळी: साधारण १२ मिलिमीटर लांब, काळी चपटी वडी किंवा बारीक काचेची नळी, पात्याच्या मुळाशी खोबणीत चिकटवलेली. बोर्डाशी तिची वायर जोडलेली नसते, म्हणून ती भाग वाटतच नाही. ती राहिली तर दारं रिमोटने झकास उघडतात, पण स्टार्टर फिरूनही इंजिन धरत नाही, किंवा धरून लगेच बंद पडतं आणि मीटरमध्ये किल्लीचा दिवा लुकलुकतो. मग गाडी टो करून न्यायची. जुनी मूठ निदान नवी किल्ली नीट चालू होईपर्यंत टाकू नका. काचेची नळी पकडीने धरू नका, तडकते.

गोडोलीकर

थेट नखाने दाबूनही रेटावं लागत होतं, टूथपिकने ढकललं की दोन ओहमच्या आत. म्हणजे सोल्डर. पोवई नाक्याजवळच्या मोबाईलवाल्याने स्विचचे चारही पाय आणि पत्रीचा डाग तापवून दिला. आता दोन्ही बटणं दुसऱ्या किल्लीइतक्याच अंतरावरून चालतात.

एक शंका राहिली. दुसरी किल्ली आता हॉलमध्येच असते आणि पुतण्या तिची बटणं सारखी दाबतो. त्याने कोडिंग जातं असं म्हणतात, ते खरं का?

फ्लक्स_आणि_शिसं

कोडिंग जात नाही, पण रिमोट आणि गाडी यांची मोजणी चुकू शकते. प्रत्येक दाबाला रिमोट वेगळा कोड पाठवतो आणि त्यातला मोजणीचा आकडा एकाने पुढे सरकतो. गाडी शेवटचा आकडा लक्षात ठेवते. मागचा आकडा आला तर ती तो कधीच मानत नाही, म्हणून कोणी सिग्नल पकडून पुन्हा वाजवला तरी उपयोग होत नाही. पुढचा आला तर ठरावीक मर्यादेपर्यंत मानते.

कीलॉक ही या कामासाठी बरीच वापरली गेलेली पद्धत आहे. तिच्या नेहमीच्या मांडणीत १६ आकड्यांपर्यंत पुढे गेलेला रिमोट एका दाबात चालतो. त्याहून पुढे गेला की पहिला दाब वाया जातो, लगेच दुसरा दाबला आणि दोन्ही आकडे लागोपाठचे निघाले की गाडी नवी मोजणी स्वीकारते. ही दुसरी मर्यादा ३२ हजारांच्या पुढे आहे, पुतण्या कितीही उद्योगी असला तरी तिथवर पोचणार नाही. मर्यादा उत्पादकागणिक बदलतात, तत्त्व तेच. तेव्हा बरेच दिवस पडून असलेला रिमोट पहिल्या दाबाला चालला नाही तर गाडीजवळ उभे राहून दोन-तीनदा लागोपाठ दाबा. काही गाड्यांना किल्ली घालून ऑनवर फिरवून मग लॉक दाबावं लागतं, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

सेल काढल्याने हा आकडा पुसला जात नाही. तो अशा स्मृतीत असतो जिला वीज लागत नाही. सेल एक मिनिट बाहेर राहिला तर रिमोट मरतो, ही भीती सोडा.

कोडिंगपेक्षा पुतण्याच्या हातात कव्हर उघडणार नाही हे बघा. बटन सेल गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत भाजल्यासारखी इजा करतो. शंका आली तरी थेट इस्पितळ. हल्ली काही सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप असतो. लेप चांगला, पण तो कडेवर असला तर काही रिमोटच्या पत्रीला संपर्क मिळत नाही. तसा सेल घेतलात आणि रिमोट मेल्यासारखा वाटला तर जिथे पत्री टेकते तेवढी जागा कोरड्या खरखरीत कापडाने घासा किंवा बिनलेपाचा घ्या. एलआयआर अक्षरांनी सुरू होणारे चार्ज होणारे सेल त्याच मापात मिळतात, ते ३ व्होल्टच्या रिमोटमध्ये घालू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ व्होल्ट देतात.

बटणवाली_गाडी

माझी पुश बटणाची आहे. सेल संपला तर अडकून पडणार का?

मिरज_वायरमन

नाही. मुठीच्या कडेला छोटी खिट्टी असते, ती सरकवली की आतून लोखंडी किल्ली निघते, तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. कुलपाचं भोक काही गाड्यांत हँडलवरच्या टोपीखाली लपवलेलं असतं, ते दिवसाउजेडी शोधून ठेवा. आत बसून रिमोटची मूठ स्टार्ट बटणाला टेकवा, ब्रेक दाबा आणि बटण दाबा. काही गाड्यांत बटणाऐवजी कप होल्डरमध्ये किंवा स्टिअरिंगजवळ ठरलेली जागा असते. अशी किल्ली रात्री गाडीच्या अगदी जवळच्या भिंतीला खुंटीवर टांगू नका, गाडीशी तिची कुजबुज चालू राहते आणि सेल लवकर संपतो. मोबाईललाही चिकटवून ठेवू नका.

हरिपूर_रस्ता

सांगलीकरांचा नेहमीचा प्रश्न. रिमोट पाण्यात गेला तर काय करायचं? घरी २०१९ च्या पुरात भिजलेली एक किल्ली अजून पडून आहे. आणि तांदळात ठेवायचं असं सगळे सांगतात.

फ्लक्स_आणि_शिसं

तांदूळ जेवायला ठेवा. पाणी वाळणं हा मुद्दाच नाही, मुद्दा पाण्यातल्या गाळाचा आणि क्षारांचा आहे. पाणी उडून जातं, क्षार दोन पायांच्या मध्ये बसून राहतात, आणि सेल जागेवर असेल तर तिथे गंज झपाट्याने वाढतो.

रिमोट भिजला की बटण दाबून चालतो का ते बघू नका. आधी सेल काढा. पुराचं किंवा गटाराचं गढूळ पाणी असेल तर बोर्ड बॅटरीवाल्याकडे मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रश फिरवून धुवा. हो, धुवा, सेल नसताना पाणी बोर्डाला मारत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, मोबाईल दुरुस्तीवाले आयपीए म्हणून वापरतात ते, त्याने पुन्हा घासा. ते पाणी ओढून घेऊन उडून जातं. पेट्रोल किंवा रंगाचा थिनर नको, प्लास्टिक आणि रबर खातो. पंख्याखाली एक दिवस ठेवा. चूल, ओव्हन, केस वाळवायचं यंत्र यातलं काही नको. सेलच्या पत्रीखाली आणि स्विचच्या पायांशी हिरवट-पांढरी पूड असेल तर ती आयपीए आणि ब्रशने जाते, तांबं खाल्लं गेलं असेल तर नाही.

वाळल्यावर, सेल घालून वापरायला घेण्याआधी, एक मोजमाप. मीटर मायक्रोअँपिअरवर, सेल आणि पत्री यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा, एक पिन सेलवर, दुसरी पत्रीवर. बटण न दाबता एक-दोन मायक्रोअँपिअरच्या वर काही दिसायला नको. शेकड्यात दिसलं तर ओल किंवा क्षार उरलेत, पुन्हा धुवा. या रेंजवर बटण दाबून बघू नका, मीटरच्या आतल्या रोधामुळे रिमोटला व्होल्टेज पुरत नाही आणि चांगला रिमोटही मेल्यासारखा वागतो.

२०१९ ची किल्ली इतकी वर्षं सेलसकट पडली असेल तर बोर्डाची आशा कमी. पण इमोबिलायझरची चिप वेगळी वडी असेल तर ती बंदिस्त असते, पाण्याला दाद देत नाही. पातं आणि चिप वापरून गाडी सुरू होते का एवढं बघा. झाली तर ती किल्ली बिनरिमोटची म्हणून कामाची आहे.

मिरज_वायरमन

आणि गाडीसुद्धा त्याच पुरात उभी होती का, ते आधी सांगा. होती तर डॅशबोर्डाखालचं मॉड्यूल आणि ड्रायव्हरच्या पायाजवळचे कनेक्टर उघडून बघायला लागतील. त्यातल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर नवा रिमोट आणूनही तो शिकवला जाणार नाही. शिकवायची वेळ आली तर घरातल्या सगळ्या किल्ल्या एकदम घेऊन जा. बऱ्याच गाड्यांत एका बैठकीत ज्या किल्ल्या समोर असतात तेवढ्याच नोंदल्या जातात, घरी राहिलेली बाद होते. आणि नवा बोर्ड ऑनलाइन मागवणार असाल तर मागे छापलेला आकडा बघा: ३१५ चा आपल्या ४३३ च्या गाडीशी कधीच बोलणार नाही, कितीही कोडिंग केलं तरी.